सायकल येणे : बालचित्रपुस्तकांतील एक अचित्रित क्षण

१

सायकल शिकणे हा बालचित्रपुस्तकांचा जुना आणि आवडता विषय आहे. त्याचा घाटही जवळजवळ ठरलेला असतो. एक मूल असते, एक सायकल असते, मधे काही पडणे-धडपडणे असते आणि अखेरीस मूल सायकलवर बसून निघून जाते. शेवट आधीच ठाऊक असलेल्या या विषयाकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखाचे उत्तर असे की, या पुस्तकांच्या केंद्रस्थानी असलेली घटना शब्दांत सांगता येत नाही आणि चित्रात दाखवताही येत नाही. शब्द आणि चित्र या दोनच साधनांवर उभा असलेला हा साहित्यप्रकार दोन्ही साधनांना न पेलणारा विषय पुनःपुन्हा का हाती घेतो आणि घेतल्यावर त्याचे काय करतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

या विवेचनासाठी चार पुस्तके निवडली आहेत. स्टॅन आणि जॅन बेरेनस्टेन यांचे 'द बाइक लेसन' (१९६४), आस्ट्रिड लिंडग्रेन यांची संहिता आणि इलॉन विकलंड यांची चित्रे असलेले, 'लोत्ताला सायकल येते तर!' अशा अर्थाचे शीर्षक धारण करणारे स्वीडिश पुस्तक (१९७१), टोलोल्वा मोलेल यांनी लिहिलेले व ई. बी. लुइस यांनी चितारलेले 'माय रोज अँड पाइल्स ऑफ कॉइन्स' (१९९९) आणि ख्रिस रॅश्का यांचे 'एव्हरीवन कॅन लर्न टू राइड अ बायसिकल' (२०१३). यांतील पहिले व चौथे अमेरिकी जीवनातले, दुसरे स्वीडनमधल्या एका लहान गावातले, तिसरे टांझानियातले. चौघांच्या भूमी भिन्न, काळ भिन्न, चित्रशैलीही भिन्न. तरीही एका ठिकाणी ही चारही पुस्तके सारखीच गप्प होतात. ते मौन आणि त्याच्या दोन्ही काठांवर प्रत्येक पुस्तकाने उभे केलेले जग, हा या लेखाचा विषय आहे. त्या मौनाला नाव देण्यासाठी मराठीतील एका साध्या क्रियापदाची मदत घेतली आहे.

२

प्रथम हे मौन कशामुळे अटळ ठरते, ते पाहू. गिल्बर्ट राइल यांनी 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) या ग्रंथात एखादी गोष्ट 'आहे' हे ठाऊक असणे आणि एखादी गोष्ट 'कशी करावी' हे ठाऊक असणे, असा ज्ञानाचा भेद केला. पुढे मायकेल पोलान्यी यांनी 'पर्सनल नॉलेज' (१९५८) मध्ये नेमके सायकलचेच उदाहरण घेतले. सायकलस्वार उजवीकडे कलू लागला की हँडल उजवीकडे वळवतो. सायकल वक्र मार्गाने जाऊ लागते आणि त्या वक्र गतीमुळेच तो सावरला जातो. मग तो डावीकडे कलतो आणि हाच क्रम उलट दिशेने घडतो. कलण्याचा कोन ठरावीक धरला तर या वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रत्येक सायकलस्वार हा नियम पाळतो. तो सांगता मात्र बहुतेकांना येत नाही. आणि ज्याला सांगता येतो त्याला केवळ तेवढ्या बळावर सायकल चालवता येत नाही. शिकवणारा म्हणूनच 'पुढे बघ', 'पाय थांबवू नकोस', 'घाबरू नकोस' असे सगळे सांगतो. तोल कसा सांभाळायचा तेवढे सांगत नाही, कारण ते त्यालाही सांगता येण्याजोगे नसते.

शब्दांना जे जमत नाही ते चित्राने करावे, अशी आपली अपेक्षा असते. येथे तीही फोल ठरते. लेसिंग यांनी 'लाओकोऑन' (१७६६) मध्ये चित्रकलेचे क्षेत्र अवकाश आणि काव्याचे क्षेत्र काल, अशी वाटणी करून चित्रकाराने मागचे व पुढचे ज्यात सूचित होईल असा एक अर्थगर्भ क्षण निवडावा, असे सुचवले होते. सायकलच्या तोलाच्या बाबतीत असा क्षणच सापडत नाही. तोल ही गतीत अस्तित्वात असणारी गोष्ट आहे; स्थिर सायकलला तोल नसतो, टेकू असतो. कागदावर सरळ उभी असलेली सायकल ही चालणारी सायकल असू शकते, तशीच पुढच्या निमिषाला कोसळणारीही. पहिल्यांदा तोल साधलेले मूल आणि दुसऱ्याच क्षणी पडणारे मूल यांची दोन चित्रे एकमेकांच्या जागी ठेवली तर फरक ओळखता येणार नाही. त्यामुळे चित्रकार तोल काढत नाही. तोलाच्या खुणा काढतो. उडणारे केस, चाकांमागच्या रेषा, मागे पडलेली माणसे, चेहऱ्यावरचा आनंद या त्या खुणा. म्हणजे चित्र आपल्याला घटनेचा परिणाम दाखवते, घटना दाखवत नाही.

मग घटना कोठे घडते? चित्रपुस्तकाजवळ शब्द आणि चित्र यांखेरीज आणखी एक साधन आहे: पान उलटणे. बार्बरा बेडर यांनी १९७६ साली चित्रपुस्तकाची व्याख्या करताना पान उलटण्यातील नाट्याला कलाप्रकाराच्या घटकाचे स्थान दिले, ते सार्थ आहे. एका पानावर मूल पडते, पुढल्या पानावर ते चालवते. मधल्या निमिषात कागद हवेत असतो, चित्र दिसत नसते आणि शब्द वाचले जात नसतात. सायकल 'येते' ती तेथे. साहित्यप्रकाराच्या मर्यादेने येथे विषयाचे सत्य सांभाळले आहे. जे ज्ञान सांगता-दाखवता येत नाही, त्याला या पुस्तकांनी न सांगितलेली, न दाखवलेली जागा दिली आहे.

३

'येते' हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला. मराठीत 'मी सायकल शिकतो' आणि 'मला सायकल येते' अशी दोन वाक्ये होतात. पहिल्या वाक्यात 'मी' कर्ता आहे. क्रिया माझी, प्रयत्न माझा. दुसऱ्या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्तेपण सायकलीकडे गेले आहे. 'मी' चतुर्थीत जाऊन 'मला' झालो आहे, म्हणजे ज्याच्याकडे काहीतरी येते असा केवळ पोहोचण्याचा मुक्काम. पोहणे, भाषा, गाणे, स्वयंपाक ही सगळी कौशल्ये मराठी माणसाकडे अशीच 'येतात'. शिकणे आपण करतो. येणे आपल्याबाबत घडते. 'शिकणे' आणि 'येणे' यांच्यामध्ये जी अदृश्य सीमा आहे, तीच चित्रपुस्तकात पान उलटण्याच्या जागी असते.

ही मराठीची एकटीची मिरास नाही. हिंदीत 'मुझे साइकिल चलाना आता है' असेच म्हणतात आणि कन्नडमध्येही कौशल्य चतुर्थीतील माणसाकडे 'येते' (बरुत्तदे). तमिळमध्ये माणूस चतुर्थीतच असतो, मात्र क्रियापद 'तेरियुम्' म्हणजे कळणे, दिसणे या अर्थाचे. बंगालीत सर्वसाधारण वाक्य 'आमि पारि' असे प्रथमेतल्या कर्त्याचे होते. कॉलिन मसिका यांनी 'डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया' (१९७६) मध्ये चतुर्थ्यंत अनुभवकर्त्याची ही रचना दक्षिण आशियाई भाषाक्षेत्राच्या समान लक्षणांत गणली आहे. इंग्रजीत 'कॅन' आणि स्वीडिशमध्ये 'कान' ही क्रियापदे कर्त्याच्या अंगचे सामर्थ्य सांगतात. व्याकरणावरून एखाद्या समाजाची जीवनदृष्टी काढणे धोक्याचे असते आणि तसा दावा येथे नाही. स्वीडिश मूल आपल्या प्रयत्नाने शिकते आणि मराठी मुलावर कृपा होते, असे काही घडत नाही; दोघेही सारखीच पडतात. मात्र एका भाषेत जो अनुभव व्याकरणानेच नोंदवून ठेवलेला आहे, त्याच्या आधाराने दुसऱ्या भाषेतील कृती वाचल्यास काही वेगळे दिसू शकते. तौलनिक अभ्यासाचा तो एक रास्त मार्ग आहे.

'सायकल येणे' या शब्दप्रयोगाला आणखी एक, अगदी वाच्य अर्थ आहे. 'आमच्याकडे सायकल आली' म्हणजे घरात सायकल दाखल झाली. एक येणे वस्तूचे, दुसरे येणे विद्येचे. ही दोन येणी कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या हातून घडतात, यावर आपली चार पुस्तके एकमेकांपासून वेगळी होतात.

४

'द बाइक लेसन' हे नवशिक्या वाचकांसाठी असलेल्या 'बिगिनर बुक्स' या मालेतले पुस्तक. थोडे शब्द, सोपी यमके, ठसठशीत व्यंगचित्रे. अस्वलाच्या पिल्लाला नवी सायकल मिळते, पण आधी धडे घेतले पाहिजेत असे सांगून बाबा अस्वल स्वतःच तिच्यावर बसतो. प्रत्येक धडा एका अपघातात संपतो आणि प्रत्येक अपघातानंतर बाबा, 'असे करू नये' हेच दाखवायचे होते, असा आव आणतो. मारिया निकोलायेवा आणि कॅरोल स्कॉट यांनी 'हाउ पिक्चरबुक्स वर्क' (२००१) मध्ये शब्द व चित्र परस्परांच्या विरोधात बोलतात त्या नात्याचे जे विवेचन केले आहे, त्याचे हे नमुनेदार उदाहरण ठरावे. शब्द शिकवणीचा अधिकार सांगतात. चित्रे तो अधिकार दर पानाला जमिनीवर आपटतात. अखेरीस पिल्लूच बाबाला सायकलवरून घरी आणते. नावातच धडा असलेल्या या पुस्तकात शिकण्याचे एकही चित्र नाही. पिल्लाची सायकल पहिल्याच पानांत आलेली असते, पण ती वडिलांनी अडवून ठेवलेली असते. आणि विद्या कधी आली हे विचारण्याची सोयच पुस्तक ठेवत नाही. विनोदाच्या आवरणाखाली येथे अधिकाराविषयी एक तिखट निरीक्षण आहे: शिकवणारा बाजूला झाला, एवढेच शिकण्यास पुरले.

लोत्ताच्या पुस्तकात शिकवणारा मुळातच नाही. पाचवा वाढदिवस आलेल्या लोत्ताजवळ तीनचाकी आहे. तिला भावाबहिणीसारखी खरी सायकल हवी आहे. ती मिळत नाही तेव्हा ती शेजारच्या बर्गबाईंच्या पडवीतून त्यांची जुनी, मोठी सायकल पळवते, उतारावरून सुसाट खाली येते आणि गुलाबाच्या झुडपात जाऊन कोसळते. त्याच बाईंनी भेट दिलेले कडेही या गडबडीत हरवते. संध्याकाळी वडील तिच्या मापाची जुनी लाल सायकल घेऊन येतात आणि लोत्ता ती चालवते. बर्गबाईंच्या सायकलवर तिला सायकल येत नव्हती, वडिलांनी आणलेल्या सायकलवर येते. मधे रक्ताळलेला गुडघा, चोरीची लाज आणि एक वाढदिवस आहे. लिंडग्रेन यांनी पडण्याला शिक्षा मानले नाही आणि चोरीला लाडिक खोडीही मानले नाही. मुलाची हाव आणि मुलाचा पराक्रम एकाच उतारावरून खाली येतात, हे या पुस्तकाचे शहाणपण आहे. आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाच्या लक्षात सहज येईल: चौघांपैकी याच पुस्तकात मूल परक्या, आपल्या मापाच्या नसलेल्या सायकलला चोरून भिडते.

मोलेल यांच्या पुस्तकात क्रम उलटा होतो. टांझानियातला सारुनी आईसोबत बाजारात जातो, मिळालेली नाणी साठवतो आणि ती पुन्हापुन्हा रांगा व ढीग लावून मोजतो. त्याला सायकल हवी आहे ती आईचा माल बाजारात नेण्यासाठी. सराव चालतो वडिलांच्या मोठ्या, जड सायकलवर. साठवलेले पैसे सायकलीच्या किमतीपुढे हास्यास्पद ठरतात. शेवटी वडील मोटारसायकल घेतात, आपली जुनी सायकल मुलाला त्याच्या साठ्याच्या बदल्यात देतात आणि आईला मदत केल्याबद्दल ते पैसेही परत करतात. येथे विद्या आधी येते, वस्तू नंतर. शिवाय 'सायकल येणे' हा येथे अखेरचा मुक्कामही नाही. सारुनीच्या मनात लगेच सायकलीमागे जोडायच्या गाड्याचा विचार सुरू होतो. लुइस यांच्या जलरंगांतला ऊन-मातीचा उबदारपणा या कष्टाच्या हिशेबाला कोरडे होऊ देत नाही. मात्र पुस्तकाच्या शीर्षकात नाणी आहेत, सायकल नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तोलापेक्षा मोजणी अवघड असणाऱ्या घरातले हे बालपण आहे.

रॅश्का यांच्या पुस्तकात वस्तूचा प्रश्न पहिल्याच पानांत मिटतो: अनेक सायकलींतून आपली सायकल निवडायची. मग इतर लोक कसे चालवतात ते पाहायचे, बाजूच्या आधाराच्या चाकांवर सराव करायचा, ती चाके किंचित वर उचलायची, गवतावर जायचे, चाके काढायची, पडायचे, पुन्हा चढायचे. कथा अशी नाहीच. द्वितीय पुरुषात लिहिलेली ती एक कृतिसूचना आहे. पाककृतीसारखी ही संहिता अखेरच्या पायरीपाशी मात्र पाककृतीचा सूर सोडते. यशाचे श्रेय ती फक्त चिकाटीला देत नाही. चिकाटीच्या जोडीला हाती नसलेल्या, लाभणाऱ्या गोष्टींनाही ती वाटा देते. पोलान्यींनी गणिती नियमाच्या रूपात जे सांगितले, ते रॅश्का यांनी एका नम्र कबुलीत सांगितले आहे. त्यांच्या कुंचल्याचीही भाषा तीच आहे. ओघळणाऱ्या, कडा न पाळणाऱ्या जलरंगांमुळे मूल आणि सायकल दोन्ही सतत थोडी डळमळत असतात; तोल काढता येत नसला तरी तोलाची अनिश्चितता रंगातून काढता येते, हे या चित्रकाराने ओळखले आहे.

५

रॅश्का यांचे पुस्तक मराठीत आणायचे ठरवले तर काय होईल? प्रश्न काल्पनिक असला तरी कामाचा आहे, कारण भाषांतर ही वाचनाची सर्वांत कठोर कसोटी असते. मूळ संहिता 'यू' या सर्वनामावर उभी आहे. इंग्रजीत त्याला लिंग नाही, वचन नाही आणि आदराची पायरीही नाही. चित्रात मुलगी आहे. शीर्षकात 'प्रत्येक जण' आहे. दोहोंमध्ये विरोध जाणवत नाही, तो या सर्वनामामुळे. मराठीत 'तू पडतेस' म्हटले की वाचणारा मुलगा बाहेर राहतो. 'तू पडतोस' म्हटले की चित्रातली मुलगी खोटी पडते. 'तुम्ही पडता' हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात एका मुलाशी कानात बोलण्याची जवळीक जाते आणि वर्गासमोरच्या सूचनेचा स्वर येतो. 'चढ, पड, ऊठ, पुन्हा चढ' अशी आज्ञार्थाची मालिका हा अडथळा बराच दूरपर्यंत टाळू शकेल. शेवटची पायरी मात्र आज्ञार्थात बसत नाही. 'तोल साध' अशी आज्ञा देता येत नाही, हेच तर पुस्तकाचे सांगणे आहे.

आणि नेमके तेथेच मराठी भाषांतरकाराच्या हाती मुळाला नसलेले साधन लागते: 'तुला सायकल येते.' 'तुला' या रूपात मुलगा-मुलगी हा भेद नाही आणि 'येते' हे क्रियापद सायकलीच्या लिंगाने चालते. शिकेपर्यंतच्या प्रत्येक वाक्यात व्याकरण मुलाला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखते. सायकल येण्याच्या वाक्यात ते ही ओळख विचारत नाही. शिवाय कर्तेपण सोडून देण्याची जी नम्रता रॅश्का यांना वेगळ्या शब्दांत सांगावी लागली, ती या वाक्याच्या बांधणीतच आहे. भाषांतरात नेहमी काहीतरी हरवते, हे आपण गृहीत धरून चालतो. येथे काही गवसण्याचीही शक्यता आहे.

६

व्याकरणाने मात्र एवढेच होते. 'प्रत्येक जण' हा शब्द खरा ठरायचा तर सायकल दोन्ही अर्थांनी यावी लागते. आपल्याकडच्या अनेक पिढ्यांचा अनुभव या बाबतीत चारही पुस्तकांपेक्षा निराळा आहे. सायकल वडिलांची, काकांची किंवा तासाच्या भाड्याने दुकानातून आणलेली. बहुधा मोठी, मधे आडवी दांडी असलेली. सीटवर बसून पाय पॅडलपर्यंत पोहोचत नाहीत. मग मूल प्रथम डावा पाय पॅडलवर ठेवून उजव्या पायाने जमीन रेटत लंगडत जाते. पुढे दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालते, एका हाताने हँडल धरते, दुसरा हात सीटवर किंवा दांडीवर टाकते आणि अर्धेअर्धे पॅडल मारत निघते. हिंदी भाषक या पद्धतीला 'कैंची' म्हणतात. त्यानंतर दांडीवरून आणि सगळ्यांत शेवटी सीटवरून. सायकल एका बाजूला कललेली, मूल दुसऱ्या बाजूला कललेले आणि दोघांनी मिळून साधलेला तो वेडावाकडा तोल रस्त्यावरून जाताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो विसरता येणार नाही.

चित्रपुस्तकाच्या दृष्टीने याचे महत्त्व स्थानिक रंगापुरते नाही. वर म्हटल्याप्रमाणे पाश्चात्त्य पुस्तकांत 'न येणे' आणि 'येणे' यांच्यामध्ये पान उलटण्याची फट असते, मधली अवस्था नसते. आधाराची चाके ही मधली अवस्था वाटते, पण त्या चाकांवर सायकल कलतच नाही. तेथे तोल शिकण्याऐवजी पुढे ढकलला जातो. दांडीखालून पाय घातलेले मूल मात्र 'येणे' आणि 'न येणे' यांच्या मधोमध जगते, तेही कित्येक महिने. त्याला सायकल अर्धी येते. आणि ही अर्धी अवस्था चित्रात दाखवता येते, कारण येथे तोल सायकलीच्या आत लपलेला नसून कललेल्या दोन देहांत उघड मांडलेला असतो. लेसिंग यांना हवा असलेला अर्थगर्भ क्षण या विषयात सापडत नाही, असे वर म्हटले. तो येथे सापडतो. अशा चित्रांवर उभे राहिलेले मराठी पुस्तक आले तर ते या विषयाच्या चित्रव्याकरणातच एका नव्या रूपाची भर घालील.

भारतीय भाषांत सायकल शिकण्याचे लेखन प्रौढांच्या वाट्याला आले आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. हिंदीत सुदर्शन यांच्या 'साइकिल की सवारी'मध्ये सायकल न येण्याची लाज वाटणारा संसारी गृहस्थ आहे. पी. साईनाथ यांनी 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' (१९९६) मध्ये तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याची हकिकत सांगितली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे 'अरिवोळी इयक्कम' या साक्षरता चळवळीने ग्रामीण स्त्रियांच्या सायकल शिकण्याला आपल्या कार्यक्रमाचा भाग केले होते. तिचा हिंदी अवतार 'जहाँ पहिया है' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या आठवीच्या 'वसंत' या पाठ्यपुस्तकात बरीच वर्षे होता. त्यातला एक तपशील आपल्या विषयाला थेट भिडतो. काही स्त्रियांनी पुरुषांची सायकल मुद्दाम पसंत केली, कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येते. जी दांडी शिकणाऱ्या मुलाला अडथळा, तीच आईच्या हाती मुलाचे आसन झाली. अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड यांनी वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकून १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिले होते. साधारण शतकानंतरच्या पुदुकोट्टैने ती एकटीची कहाणी सामुदायिक केली. २००६ साली बिहारने शाळकरी मुलींसाठी सायकल योजना सुरू केली, तेव्हा वस्तूचे येणे हा शासनाच्या धोरणाचा विषय झाला.

या सगळ्या घडामोडींच्या मधोमध एक मूल आहे आणि त्याचे चित्र काढायचे बरेचसे राहिले आहे. आईने दांडीवर बसवलेले ते मूल असेल, योजनेत मिळालेली सायकल अंगणात आल्यावर ती धरून नुसतीच उभी राहिलेली मुलगी असेल किंवा दांडीखालून पाय घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळता न आल्याने उतरणारा मुलगा असेल. परदेशी पुस्तकांची भाषांतरे व्हावीतच. लोत्ता आणि सारुनी या मुलांना परके वाटणार नाहीत. पण निवडण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या सायकलींपासूनच शिकणे सुरू होते, असा समज भाषांतरांनी रूढ होऊ नये, याची जबाबदारी आपल्या लेखक-चित्रकारांवर आणि त्यांचे वाचन करणाऱ्या समीक्षेवरही आहे. तोलाचा क्षण कोणालाच काढता येणार नाही. तो पान उलटताना यायचा तसा येईल. त्याच्या अलीकडच्या पानावर कोणते मूल उभे आहे आणि त्याच्या हातात कोणाची सायकल आहे, हे मात्र काढता येते. तेवढे जे पुस्तक खरेपणाने काढील, त्याच्यापुरता 'प्रत्येक जण' हा शब्द खरा ठरेल.